डावा स्पीकर

कानसेन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. जुन्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रक होता तेव्हाची गोष्ट. काचेपलीकडे सगळा ताफा वाजवत होता, आणि याने मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाला, "त्या मागच्या गृहस्थांची खालची तार उतरलीय." मागच्या गृहस्थांना राग आला, पण तार खरोखरच उतरलेली निघाली. त्या दिवसापासून तो कानसेन झाला तो झालाच. पुढे स्टुडिओ बंद पडला, माणसं पांगली, आणि यंत्रांपैकी ज्याच्या हाताला जे लागलं ते तो घेऊन गेला. कानसेनाने स्पीकरांची एक जुनी जोडी, एक अॅम्प्लिफायर आणि सुट्या भागांचा एक डबा उचलला. हे सगळं आणि आपलं टोपणनाव घेऊन तो घरी आला.

घरात अडगळीची एक खोली होती. तिच्यातली अडगळ काढून त्याने नवी अडगळ भरली. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, दाराच्या फटीला फडकी लावली, एका कोपऱ्यात माइक उभा केला. टेबलाच्या दोन टोकांना ते दोन स्पीकर, मध्ये कॉम्प्युटर, आणि समोर फिरती खुर्ची. त्या खुर्चीत बसून तो ऐकायचा आणि माइकपुढे त्याची बायको वाचायची.

बायकोचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात गेलं होतं. पडद्यावर ओठ कुणाचेही हलोत, आवाज हिचा. ही रडायची आणि नटी रुमाल लावायची. ही काचेच्या डब्यात उभ्याउभ्या घसा फाडून किंचाळायची आणि टाळ्या तिकडे पडायच्या. नाव म्हणून कधी कुठे लागलं नाही. तिने तक्रारही केली नाही, कारण तक्रार ऐकायला कोण बसलंय? आणि आता या वयात एका प्रकाशनाने तिला एक जाडजूड कादंबरी दिली होती, ऑडिओबुकसाठी. सगळी तिनेच वाचायची, आणि सुरुवातीला लेखकाच्या नावानंतर "वाचन" असं म्हणून तिचं स्वतःचं नाव यायचं. ते एवढंसं वाक्य तिने इतक्या वेळा वाचून घेतलं की कानसेन शेवटी वैतागला. "अगं, आपलंच नाव आहे ना? की पाठ करायचंय?" तर ती लाजून म्हणाली, "सवय नाही हो."

सांगायचं कारण हे, की त्या पुस्तकात तिचा जीव किती अडकला होता ते नीट कळावं. बाकी मग यंत्रांचंच सगळं आहे.

पाणी पडलं ते वरच्या मजल्यावरून. वर एक नर्स राहायची. सकाळी ती कपड्यांचं मशीन लावून ड्यूटीवर गेली आणि मागे मशीनची नळी निसटली. कानसेन तेव्हा खोलीतच बसला होता. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, काय टपटपतंय?" हा म्हणाला, "कुठे काय." आणि मान वळवून बघतो तर डाव्या बाजूची गोधडी काळी पडलेली, आणि छतातून पाण्याची धार नेमकी डाव्या स्पीकरच्या डोक्यावर. त्याने झेप घालून स्पीकर उचलला, उलटा केला, पुसला, पंख्यासमोर ठेवला. वाळल्यावर लावून पाहिला तर वाजत होता. मधूनच थोडा चरचरायचा, पण वाजत होता. कानसेनाने देवाचे आभार मानले आणि काम पुढे चालू केलं. हीच चूक, असं तो नंतर बरेच दिवस म्हणत राहिला. ते किती खरं ते पुढे येईलच.

कादंबरीची पहिली प्रकरणं तयार करून त्याने पाठवली. काही दिवसांनी प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, म्हणून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "काकूंचं वाचन सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण आवाज टोचतो हो. विशेषतः 'स' आला की कानात सुई गेल्यासारखं होतं. आमच्याकडे सगळ्यांनीच सांगितलं. वयामुळे होतं का असं? आम्ही दुसऱ्या वाचकाचा विचार करतोय. तरी सोमवारपर्यंत पुन्हा करून बघता का एकदा?"

फोन स्पीकरवर होता. बायको तिथेच उभी होती, ओल्या हातांनी.

आता एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मध्यंतरी तिचे पुढचे दात गेले होते आणि तिथे नवी कवळी बसली होती. त्या कवळीवर तिचा आधीपासूनच संशय होता. फोन बंद झाल्याबरोबर ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं. या मेल्या दातांतून हवा सुटते."

"काही सुटत नाही," कानसेन म्हणाला. "दोष स्पीकरचा आहे. त्यात पाणी गेलंय."

"स्पीकर तुमचा बिघडला. त्यांचे तर बिघडले नाहीत ना? त्यांना का टोचतंय मग?"

प्रश्न बिनतोड होता, पण कानसेनाकडे उत्तर तयार होतं. "अगं, सर्दी झालेल्या माणसाने भाजी केली तर काय होतं? त्याला चव लागत नाही, म्हणून तो मीठ घालत सुटतो. खाणारा मरतो. तसंच झालंय. डावा स्पीकर मला बोथट ऐकवतोय, म्हणून मी तुझ्या आवाजाची धार वाढवत गेलो. स्पीकर दुरुस्त केला की माझी मिठाची चव परत येईल. सोमवारच्या आत नवं करून पाठवू."

हे उत्तर अगदी बरोबर होतं. फक्त त्यातला आजारी माणूस चुकीचा धरला होता.

बायकोला ते पटलं की नाही कोण जाणे. तिने स्वयंपाकघरात जाऊन कवळी काढली, वाटीत पाण्यात ठेवली आणि त्या दिवसापासून ती तशीच वावरू लागली. मऊ तेवढं खायची आणि भांडी घासता घासता पुटपुटायची, "सासूने सुनेला, सुनेने सशाला." कधी कवळी घालून, कधी काढून. कवळी काढल्यावर 'स' आणखीच विचित्र व्हायचा. आयुष्यभर जिने रडणाऱ्या, हसणाऱ्या, मरणाऱ्या बायकांना आवाज पुरवला, ती आता नळाखाली उभी राहून एक अक्षर घोटत होती. कानसेनाला ते बघवत नसे. तो खोलीचं दार लावून घेई.

दुरुस्ती बाहेर द्यायचा प्रश्नच नव्हता. इतकी जुनी जोडी आता कुणी उघडत नाही. नवी घ्या म्हणतात. शिवाय आपलं यंत्र दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे कानसेनाला स्वतःची दाढी शेजाऱ्याकडून करून घेतल्यासारखं वाटायचं. त्याने स्पीकर टेबलावर पालथा घातला आणि मागचे स्क्रू सोडवायला घेतले. ते गंजून बसले होते. एकाचं डोकं गुळगुळीत झालं, तो पक्कडीने पिळून काढावा लागला. आतला कापूस ओलसर होता आणि त्याला बंद पेटीत राहिलेल्या कपड्यांचा वास येत होता. कापूस उपसला तेव्हा तळाची पट्टी दिसली. आवाजाची वाटणी करणारं सर्किट तिच्यावर असतं. जाड आवाज मोठ्या भोंग्याला, बारीक आवाज छोट्याला. आणि त्या पट्टीवर हिरवा गंज चढला होता.

तो गंज बघून कानसेनाला चक्क आनंद झाला. माणसाचं असंच असतं. दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि फोटोत काहीतरी मोडलेलं निघालं की बरं वाटतं, निदान आपण ढोंग करत नव्हतो.

जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने त्याने पट्टी घासली. कपॅसिटर फुगले होते, ते काढले. डब्यातले दुसरे कपॅसिटर मीटर लावून तपासले आणि बसवले. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता. चष्मा कपाळावर घेतला तर दूरचं दिसेना, नाकावर घेतला तर जवळचं दिसेना. सोल्डरिंगची लेखणी एकदा बोटाला लागली आणि बोट तोंडात घालून तो बराच वेळ नुसता बसून राहिला. थकवा बोटात नव्हता, तो सगळीकडेच होता. छोट्या भोंग्याला जाणाऱ्या तारेचा जोड सुटलेला निघाला. चरचर त्यामुळेच होती. तो जोड त्याने पक्का केला, कापूस वाळवून परत भरला, स्क्रू पिळले, आणि बायकोच्या वाचनातलं एक वाक्य लावलं.

"सासूबाईंनी सगळ्या सुनांना समोर बसवलं."

चरचर गेली होती. साफ गेली होती. कानसेनाने मूठ आवळली. मग त्याने पुन्हा एकदा ऐकलं आणि मूठ सैल पडली. डावा अजून बोथटच होता. उजवीकडून वाक्य नीट येत होतं आणि डावीकडून तेच वाक्य कुणी तोंडावर पांघरूण घेऊन म्हणावं तसं.

मग त्याने छोटा भोंगाच बदलला. डब्यात एक जपून ठेवलेला होता, अगदी त्याच जातीचा. लावला, ऐकलं. बोथट. दुसरे कपॅसिटर लावले. बोथट. तारा बदलल्या. बोथट. आयुष्यात इतक्या यंत्रांना त्याने ताळ्यावर आणलं, आणि हे एक लाकडी खोकं त्याला दाद देत नव्हतं. तो त्या स्पीकरला असं काही बोलला की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्यात बायको एकदा दार ढकलून आत आली होती, चहा घेऊन. चहा डाव्या हाताशी ठेवून ती काहीतरी म्हणाली. कानसेनाने मान वर केली नाही. ती पुन्हा म्हणाली. मग कप टेबलावर जरा आपटून ती निघून गेली. चहाला साय धरली.

शनिवारी वरची नर्स आली. नळी निसटल्यापासून ती बिचारी जिन्यात दिसली की भिंतीला चिकटून जायची. आज हिंमत करून बेल वाजवली. दार बायकोने उघडलं. कानसेन पाणी प्यायला बाहेर आला होता.

"काका, झालं का हो तुमचं मशीन? मला रात्रीची झोप लागत नाहीये," नर्स म्हणाली. "मी नवी नळी बसवली. आता कपडे धुऊन होईस्तोवर मी तिथून हलत नाही. धुणं संपलं की मशीन पीं पीं करतं ना, त्याचा तुम्हाला खाली त्रास होतो का? होत असेल तर ते बंद करता येतं म्हणे."

"कसली पीं पीं?" कानसेनाने विचारलं.

"वाजतं की रोज," बायको म्हणाली. "ते वाजलं की मी दूध तापवायला ठेवते."

"मला तर कधी ऐकू आलं नाही."

"तुम्हाला त्या खोलीत जग बुडालं तरी ऐकू येत नाही," बायको म्हणाली, आणि नर्स हसली. कानसेनही हसला. तिघांच्याही दृष्टीने तो विनोदच होता.

नर्स गेल्यावर बायको तिथेच दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मी बाईंना निरोप लिहिलाय. पाठवला नाही अजून. संध्याकाळी पाठवीन."

"कसला निरोप?"

"दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या म्हणून. त्यांनी काढून टाकण्यापेक्षा आपणच बाजूला झालेलं बरं. आपली झाकली मूठ राहते." हे ती अगदी शांतपणे म्हणाली, घरातला गॅस संपलाय सांगावं तशी. "किती दिवस तुम्ही त्या खोक्याशी झगडणार? माझं वय झालंय, एवढंच आहे ते. त्यात स्पीकरचा काय दोष? चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"संध्याकाळपर्यंत थांब," कानसेन म्हणाला. "मला एवढी दुपार दे."

कवळी नसल्यामुळे तिचे ओठ आत गेले होते आणि ती एकदम तिच्या आईसारखी दिसत होती. कानसेनाला गलबलून आलं. तो खोलीत गेला.

आता इथे एक धंद्यातली गोष्ट आहे. ध्वनीच्या कामात नवशिक्याला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हे, की दोन बाजूंपैकी एक बाजू बिघडली तर काही उघडायचं नाही, खोलायचं नाही. आधी अदलाबदल करायची. डावा स्पीकर उजवीकडे न्यायचा, उजवा डावीकडे. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकरचा, जागेवर बसून राहिला तर मागचा कुणाचा तरी. मग तारांची अदलाबदल, मग अॅम्प्लिफायरच्या तोंडांची. असं एकेक पाऊल मागे जात दोषाला गाठायचं. कानसेनाने हे कितीजणांना शिकवलं असेल याची गणती नाही. "उघडण्याआधी बदला," हे त्याचं वाक्य होतं. आणि स्वतःच्या वेळी त्याने तेच केलं नाही. का? तर पाणी पडताना त्याने बघितलं होतं. डोळ्यांनी आरोपी दाखवल्यावर त्याने पुरावा मागितलाच नाही.

ते त्याला आत्ता, दाराला टेकलेल्या बायकोकडे बघून आल्यावर सुचलं. तो स्वतःवरच चिडला आणि त्याने दोन्ही स्पीकर उचलून जागा बदलल्या. जड होते, पाठीत कळ आली. वाक्य लावलं.

डावी बाजू बोथट होती. आणि आता डाव्या बाजूला उजवा, कोरडा, कधीही न भिजलेला स्पीकर होता.

म्हणजे स्पीकर निर्दोष होता. जोड पक्का झाला त्या क्षणापासून तो निर्दोष होता, आणि कानसेनाने नंतरचे सगळे दिवस त्याची पोटफाड केली होती. त्याला त्या खोक्याची माफी मागावीशी वाटली. मग त्याने तारा बदलल्या. डावी बाजू बोथटच. अॅम्प्लिफायरची तोंडं बदलली. डावी बाजूच. कॉम्प्युटरमध्येच डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं केलं. तरीही डावीच. दोष टेबल ओलांडून कुठे जाईना. डावीकडे आता काहीच उरलं नव्हतं, फक्त भिंत. भिंतीवरची गोधडी भिजून वाळली होती, ती कडक झाली असेल, आवाज खात असेल, असं म्हणून त्याने ती उपटून काढली. मग समतोल राहावा म्हणून उजवीकडचीही काढली. खिळे जमिनीवर विखुरले. वाक्य लावलं. उघड्या भिंतींमुळे आवाज घुमायला लागला, पण डावीकडे तो तसाच पांघरुणातून घुमला.

कानसेन खुर्चीत बसला. हात मांडीवर होते, त्यांना गंजाचा आणि स्पिरिटचा वास येत होता. सगळी अदलाबदल झाली होती. एक सोडून.

ती एक करायला त्याला वेळ लागला. खरं तर त्यात करायचं काहीच नव्हतं. स्क्रू नाही, सोल्डर नाही. खुर्ची फिरती होती. पायाने जमिनीला जरासा रेटा दिला की झालं.

त्याने रेटा दिला आणि तो दाराकडे तोंड करून, स्पीकरांकडे पाठ करून बसला. मागे हात नेऊन वाक्य लावलं. "सासूबाईंनी सगळ्या सुनांना समोर बसवलं." क्षणापूर्वी जो स्पीकर खणखणीत वाजत होता तो बोथट झाला. जो बोथट होता तो खणखणीत झाला. दोष खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला होता, कुणीही काहीही न हलवता.

त्याने उजवा कान अंगठ्याने घट्ट बंद केला आणि वाक्य पुन्हा लावलं. डाव्या कानाला बायको ऐकू येत होती. पण ती म्हणत होती, "आऊबाईंनी अगळ्या उनांना अमोर." तिचे सगळे 'स' कुणीतरी वेचून नेले होते. मग त्याने डावा कान बंद करून उजव्याने ऐकलं. उजव्यात 'स' होते, पण तेही झिजलेले होते. धाकटा भाऊ थोरल्याच्या मागून चालत येत होता, एवढाच फरक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. कानसेनाने वळसा घातला तोही स्क्रू मोजत मोजत. ते टपटपणारं पाणी, ती पीं पीं, तो सायीचा चहा आणि त्याच्याबरोबर बायको जे काही बोलली ते, सगळं त्याच्या अंगावर एकदम आलं. त्याला रडू आलं नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं, प्रवासाहून आल्यावर दारातच कळावं की किल्ली तिकडेच राहिली, तसं. त्या कानांखेरीज त्याच्याकडे दुसरं काय होतं? यंत्रं कुणीही घेतं. लोक त्याच्याकडे आले ते या दोन भोकांसाठी.

दार उघडलं आणि बायको आत आली. संध्याकाळ झाली होती. तिच्या हातात फोन होता. तिने उघड्या भिंती पाहिल्या, जमिनीवरच्या गोधड्या पाहिल्या, आणि दाराकडे तोंड करून बसलेला नवरा पाहिला.

"हे काय? उलटे का बसलात?"

"स्पीकर चांगला आहे," कानसेन म्हणाला.

"झाला दुरुस्त?"

"केव्हाच झाला होता. त्यात काही दोष नाही."

बायकोने मान हलवली, हळूच, जणू दुकानदाराने सांगितलेला भाव तिला आधीच माहीत होता. "म्हणजे माझाच 'स'," ती म्हणाली. "असू दे. एकदाचं कळलं ते बरं झालं. तुम्ही फार केलंत हो. आता आवरा ते सगळं, जेवून घ्या." आणि तिने फोन डोळ्यांजवळ धरला, निरोप पाठवायला.

त्या वेळी कानसेन गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. असं त्याला स्वतःलाही वाटून गेलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. निरोप गेला असता. पुस्तक दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं. बायकोचं वय झालं असतं आणि कानसेन कानसेन राहिला असता. तिचा अंगठा फोनवर होता.

"नको पाठवूस," तो म्हणाला. "तुझा 'स' चांगला आहे. माझा कान गेलाय."

"काय?"

"डावा गेलाय. उजवाही चाललाय. तुझा 'स' मला ऐकूच येत नव्हता, म्हणून मी तो वाढवत होतो. तुला काही झालेलं नाही. मीच तुला तसं करून पाठवलं."

बायको खाली बसली, गोधडीवरच. कानसेनाला वाटलं, आता ही रडेल, किंवा आपल्या खांद्यावर हात ठेवेल. त्याने दोन्हींची तयारी ठेवली. पण बायको भडकली.

"आणि मी दात काढून बसले!" ती म्हणाली. "इतके दिवस मी दात काढून बसलेय! हिरड्या सोलवटल्या माझ्या! मला वाटलं मी म्हातारी झाले, आणि म्हातारे तुम्ही झालात!"

"हो," कानसेन म्हणाला.

"डॉक्टरकडे जायचं. सोमवारी."

"जाऊ."

"नुसतं हो हो करू नका. मी चहा ठेवून विचारलं होतं, हे दात घालून वाचू की न घालता. ढिम्म उत्तर नाही. मला वाटलं, माणूस आता बोलायलाही कंटाळला आपल्याला." इथे मात्र तिचा आवाज फुटला. आयुष्यभर पैसे घेऊन रडलेली बाई, पण हे रडणं तिला नीट जमलं नाही. कानसेन खुर्चीतून उठला. तिला उठवायला हात द्यावा म्हणून वाकला, तर त्याच्याच पाठीतून कळ गेली आणि तिनेच त्याला धरलं.

मग ती आत गेली. नळाचा आवाज आला, वाटी वाजली. परत आली तेव्हा ओठ बाहेर आले होते आणि ती पुन्हा तिच्यासारखी दिसत होती. कानसेनाने तोवर खुर्ची टेबलाकडे वळवून ठेवली होती.

"बस इथे," तो म्हणाला.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. तू ऐक. टोचलं की सांग."

त्या खुर्चीत ती याआधी कधीच बसली नव्हती. अगदी कडेवर बसली, परक्याच्या घरी बसल्यासारखी. कानसेन तिच्या डाव्या हाताशी उभा राहिला, म्हणजे त्याचा बरा कान तिच्याकडे. त्याने सुरुवातीचं वाक्य लावलं. आधी कादंबरीचं नाव, मग लेखकाचं, आणि मग "वाचन", आणि तिचं नाव. तिच्या नावातही एक 'स' होता.

बायकोने डोळे घट्ट मिटले. "बाई गं! हे असं पाठवलंत तुम्ही? कमी करा."

कानसेनाने धारेची कळ थोडी मागे फिरवली. वाक्य पुन्हा लावलं.

"अजून कमी."

त्याने अजून फिरवली.

"अजून."

आपल्या हाताखाली काहीतरी बदलतंय हे त्याला कळत होतं, कारण कळीवरची खूण सरकताना दिसत होती. कानाला मात्र ते वाक्य पहिल्यापासून एकच होतं. नीट कान देऊन, श्वास रोखून, जसं त्याने उभ्या आयुष्यात ऐकलं तसं तो ऐकत होता, आणि काहीच फरक पडत नव्हता.

"आता," बायको म्हणाली. "आता बरोबर आहे. ही मी आहे."

कानसेनाने कळीवरून हात काढून घेतला.